मजकुरी साहसखेळ आणि प्रतिसाद-संकेतांक

मजकुरी साहसखेळ म्हणजे चित्रांविना, केवळ टंकलेल्या शब्दांवर चालणारा संगणकीय खेळ. संगणक जागेचे वर्णन करतो, खेळणारा एकदोन शब्दांत आज्ञा देतो आणि काय झाले ते पुन्हा वाक्यांत कळते. प्रतिसाद-संकेतांक म्हणजे एका संगणकाने दिलेल्या आज्ञेला जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाने पाठवलेले तीन अंकी उत्तर. एक करमणूक, तर दुसरे निव्वळ कारकुनी. तरीही या दोहोंची नोंद एकत्र घेणे योग्य आहे, कारण दोन्हींपुढे अडचण एकच होती : मोजकेच शब्द कळणाऱ्या यंत्राने नकार द्यायचा कसा, आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे सांगायचे कसे?

विल क्राउदर हा बीबीएन कंपनीतला प्रोग्रामर. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट जाळ्यात संदेश पुढे धाडणाऱ्या ‘इम्प’ यंत्रांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या चमूत तो होता, आणि केंटकीतील मॅमथ गुहांच्या सर्वेक्षणातही. १९७५-७६च्या सुमारास त्याने त्या गुहांवरून ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ फोर्ट्रानमध्ये रचला. पुढे तो स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सच्या हाती पडला. लेखकाचा पत्ता ठाऊक नसल्याने वुड्सने अर्पानेटवरच्या प्रत्येक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाने ई-मेल धाडली, परवानगी मिळवली आणि १९७७मध्ये खेळ वाढवला. खेळ ज्यावर चाले त्या पीडीपी-१० यंत्राच्या ३६ बिटांच्या एका कप्प्यात पाचच अक्षरे मावत, म्हणून खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच पाही. गुहेच्या तोंडाशी कुलूपबंद जाळी आहे. अनोळखी शब्द टंकला तर एक उत्तर येते. शब्द ओळखीचा पण जाळी बंद असेल, तर दुसरे. किल्लीने कुलूप काढले की मघाशी अडलेली आज्ञा चालते.

हीच वर्गवारी जाळ्यावर अंकांत दिसते. फाइल-हस्तांतरणाच्या एफटीपी नियमांसाठी जॉन पोस्टेल आणि सहकाऱ्यांनी १९७४मध्ये सुधारित संकेतांक मांडले. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ३ असेल तर पुढची माहिती हवी, ४ म्हणजे तूर्त जमत नाही, ५ म्हणजे जमणारच नाही. पोस्टेलच्याच १९८२च्या एसएमटीपी टपाल-नियमांत ५०० म्हणजे आज्ञा कळली नाही, ५५० म्हणजे कळली पण अशी टपालपेटी उपलब्ध नाही, ४५० म्हणजे पेटी सध्या व्यग्र आहे. पाठवणाऱ्याचे नाव देण्याआधीच घेणाऱ्याचे दिले तर ५०३ येतो : आज्ञांचा क्रम चुकला. कुलूप न काढता जाळीतून उतरू पाहणाऱ्याची गत हीच.

यावर आक्षेप येईल की संकेतांक खेळाच्या आधीचे, तेव्हा हे साम्य योगायोगाचे. दोन्हींना टेलिटाइपने, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्राने, ओळीओळीचा संवाद दिला, इतकेच. एकाने दुसऱ्याची नक्कल केली नाही हे खरे. पण टेलिटाइपमुळे फक्त ओळ मिळते. ‘कळले नाही’ आणि ‘कळले, पण होत नाही’ हा भेद त्यातून आपोआप निघत नाही. तो दोन्हीकडे जाणूनबुजून करावा लागला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खेळ गद्यात बोलतो, जाळे आकड्यांत. याचे कारण वाचणारा वेगळा, हे आहे. खेळाचे उत्तर माणूस वाचतो. संकेतांक आधी प्रोग्राम वाचतो. म्हणून अंक यंत्रासाठी बांधील ठेवले आणि त्यांच्यापुढचा मजकूर माणसासाठी मोकळा सोडला. संकेतांकांचे खरे कर्तृत्व या विभागणीत आहे, आकडे निवडण्यात नव्हे.

वेबच्या एचटीटीपीने तीन अंकांची घडण उचलली, मात्र अर्थ बदलला : तिथे ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक, ५ म्हणजे सर्व्हरची. त्यामुळे सर्वपरिचित ४०४मधला ४ तात्पुरती अडचण दाखवत नाही. खेळाची खूणही जाळ्यावर उरली आहे. त्यातला ‘एक्सवायझेडझेडवाय’ हा जादूचा शब्द जीमेलच्या आयमॅप (टपाल वाचण्याचे नियम) सर्व्हरने जाहीर केलेल्या क्षमतांच्या यादीत आढळतो.