वॉशिंग्टनला जायचं कसं?

28 ऑगस्ट 1963 म्हटलं की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण आठवतं. आज आपण भाषण बाजूला ठेवू. त्या बुधवारी अडीच लाखांच्या आसपास माणसं वॉशिंग्टनला पोहोचली, ती कशी?

मोर्चाचे प्रमुख होते ए. फिलिप रँडॉल्फ. हे कोण? तर रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांच्या युनियनचे 1925 पासूनचे पुढारी. दुसऱ्यांचे बिछाने घालणाऱ्यांचा हा नेता आता आपल्या माणसांसाठी स्पेशल गाड्या मागवत होता! अशा वीसेक गाड्या आल्या, बस मात्र दोन हजारांवर.

या बसचं मोल लक्षात घ्या. दोनच वर्षांपूर्वी, मे 1961 मध्ये, काळे-गोरे एकत्र प्रवास करतात म्हणून अलाबामात ॲनिस्टनजवळ जमावाने एक बस पेटवली होती. दक्षिणेतून निघालेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. तरी ते बसमध्ये चढले.

सगळा हिशेब बायर्ड रस्टिन यांच्याकडे. सकाळी पोहोचायचं, संध्याकाळी निघायचं, मुक्काम नाही. सरकारला दंगलीची एवढी धास्ती, की राजधानीत त्या दिवशी दारूविक्री बंद! रस्टिन यांचं उत्तर आम्हाला तरी भाषणाइतकंच मोठं वाटतं: परतीचं वेळापत्रक. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी 80 हजार जेवणाची पाकिटं भरली, आत चीज सँडविच. अंधार पडला तेव्हा बहुतेक बस परतीच्या रस्त्याला लागल्या होत्या.