बडोद्याच्या पुस्तकपेट्या आणि आपली दोन कपाटे

सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिलाच आहे. मी जरा जुना, बडोद्याचा सांगतो. आपल्या तळमजल्यावरच्या दोन कपाटांशी त्याचा संबंध आहे.

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक गेले तेव्हा वय बारा, आणि वाचता येत नव्हते. पुढे त्यांनीच १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. पण नुसत्या शाळा काढून भागेना. शाळा सुटली, पोर शेतावर गेले, घरात पुस्तक नाही. थोड्याच वर्षांत शिकलेलं सगळं विसरायचं. (बँकेत मी असे खातेदार पुष्कळ पाहिले. शाळेत गेलेला माणूस, सही झोकात करायचा, पण पैसे काढायची स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यायचा.)

म्हणून १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच काढले. स्वतःच्या संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. तिथे मुलांचा वेगळा विभाग होता, चित्रांची पुस्तके आणि चक्क खेळसुद्धा! खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत. गावाला ग्रंथालय हवे असेल तर एक-तृतीयांश पैसे गावाने उभे करायचे, बाकीचे पंचायत आणि सरकार देणार. आमच्या बँकेच्या भाषेत मार्जिन मनी.

शाळेचे पुस्तक वर्षभर तेच असते. मूल ते ऐकून पाठ करते, वाचतेच असे नाही. स्वतः निवडून आणलेले नवे पुस्तक मात्र अडखळत का होईना, वाचावेच लागते. आवडले तर ते संपल्यावर दुसरे हवे असते, आणि हळूहळू अडखळणे कमी होते.

आता आपली कपाटे. त्यांना कुलूप आहे, किल्ली ऑफिसात. त्या खोलीत ट्रेडमिल ठेवायचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. व्यायामाला माझा विरोध नाही, पण कपाटे एकदा जिन्याखाली गेली की परत येणार नाहीत. मी दर शनिवारी पाच ते सात तिथे बसायला तयार आहे. नोंदवही मी आणीन. मुलांना पुस्तके स्वतः हाताळू द्यायची, फाटली तरी रागवायचे नाही, एवढीच माझी अट.