विनाशक कोण?

राज्य बुडालें कीं इतिहासकार प्रथम शत्रूचें नांव लिहितो. आपल्याच घाईची नोंद मागाहून होते. मधमाशांच्या गेल्या शतकाच्या इतिहासांत आम्हांस हाच प्रकार दिसतो.

इ. स. १९०४ मध्यें डच प्राणिशास्त्रज्ञ औडेमान्स यानें जावा बेटांतील एका तांबूस, चपट्या, टांचणीच्या डोक्याएवढ्या किडीचें वर्णन प्रसिद्ध केलें. कोळ्यांच्या वर्गांतील ही कीड पौर्वात्य मधमाशीवर, म्हणजे आपल्याकडील सातेरीच्याच जातीवर, जगणारी होती. शेतीवरील ग्रंथांत मधमाशांविषयीं लिहिणाऱ्या व्हारो या रोमन पंडितावरून तिच्या कुळास 'व्हरोआ' हें नांव मिळालें. त्या वेळीं ती केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची वस्तु होती. कारण आपल्या मूळ घरीं ती मर्यादेनें राहत असे.

ही मर्यादा सातेरीनेंच घातलेली आहे. तिच्या पोळ्यांत किडीची वीण बहुधा नरांच्या कोठड्यांतच होते, आणि नर ठराविक हंगामांतच निपजतात. कामकऱ्यांच्या कोठडींत कीड शिरलीच, तर तेथील कोवळें पिलूं लवकर मरतें, माशा तें बाहेर टाकतात, व किडीचा वंश खुंटतो. फार ग्रासलेल्या नरास आपली कोठडी फोडतां येत नाहीं. कामकरी माशाही ती उघडीत नाहींत, आणि कीड आंतच गाडली जाते. शिवाय अंगावरील किडी वेंचून काढण्यांतही ही माशी तरबेज आहे. हा समझोता हजारों वर्षांच्या सहवासाचा होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युक्रेनकडील वसाहतवाल्यांनीं आपल्या पाश्चात्य माशा रशियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत नेल्या. पुढें रेल्वेनें ती वाट सुकर केली. ही माशी मध अधिक देते, म्हणून आशियांत इतरत्रही तिचें स्वागत झालें. दोन्ही जाती शेजारीं आल्या आणि किडीनें घर बदललें. नव्या घरीं कामकऱ्यांच्या कोठड्यांतही तिची वीण होऊं लागली. विषाणूही तिच्याबरोबर पसरले. आणि उपचार न केल्यास वसाहती थोड्याच वर्षांत ओस पडूं लागल्या. माशांच्या ने-आणीबरोबर ती १९७७ मध्यें जर्मनींत, १९८७ मध्यें अमेरिकेंत, १९९२ मध्यें इंग्लंडांत, २००० मध्यें न्यूझीलंडांत आणि २०२२ मध्यें ऑस्ट्रेलियांत प्रकट झाली. ही कीड जावांतील किडीची केवळ बहीण असून निराळी आहे, असें २००० मध्यें सिद्ध झालें, आणि तिला 'विनाशक' या अर्थाचें लॅटिन नांव देण्यांत आलें.

मग पाश्चात्य माशी स्वभावतःच दुबळी म्हणावयाची काय? रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर किडीशीं दीर्घकाळ झुंजलेल्या माशांच्या राण्या अमेरिकन कृषिखात्यानें १९९७ मध्यें मागविल्या. त्यांच्या वंशांत किडीची वाढ मंद आढळली. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्यें १५० वसाहती मुद्दाम उपचाराविना ठेवण्यांत आल्या. पहिल्या तीन वर्षांतच पांचांपैकीं चारांहून अधिक मेल्या. परंतु उरलेल्यांचा वंश किडीसह टिकला. प्रतिकारशक्ति ही कोणा जातीची मिरासदारी नव्हे. ती काळ घेते व मरणाच्या मोलानें मिळते.

येथेंच खरा पेंच आहे. औषधें दिलीं तर दुर्बळ वंशही तगतो आणि कीड औषधास सरावते. न दिलीं तर पालकाचा संसार बुडतो. म्हणून ज्या वसाहतींत कीड कमी वाढते त्यांच्याच राण्यांपासून वंश वाढवावा, आणि तोंवर बेतानेंच औषध द्यावें, हा मध्यम मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

आपल्या सह्याद्रींतील सातेरी मध थोडा देते म्हणून तिला हलकी लेखणारे पुष्कळ आहेत. ती अजिंक्य नव्हे. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतांत विषाणूच्या सांथीनें तिच्या असंख्य वसाहती नाहींशा झाल्या. परंतु ज्या किडीपुढें अर्धें जग हतबल झालें, तिला सातेरीनें निमूटपणें आपल्या घरीं वागविलें आहे. किडीस विनाशक हें नांव मिळालें खरें. तिला तें सामर्थ्य मात्र माणसाच्या उतावळेपणानें दिलें.