ध्वनिक्षेपक पेटी, वाहनातील

मोटारगाडी, ट्रॅक्टर इ. वाहनांतील ध्वनियोजनेत खर्जाचे, म्हणजे सु. २० ते १०० हर्ट्झ कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचे) ध्वनी निर्माण करणारा ध्वनिक्षेपक ज्या पेटीत बसवितात, ती ध्वनिक्षेपक पेटी होय. अशा ध्वनिक्षेपकास व्यवहारात सबवूफर म्हणतात. पेटी हे त्याचे केवळ आवरण नसून तिच्यातील हवा ध्वनिनिर्मितीत प्रत्यक्ष भाग घेते. तंबोऱ्याचा भोपळा स्वतः कंप पावून नादात भर घालतो. या पेटीच्या भिंतींनी मात्र शक्यतो कंप पावू नये अशी अपेक्षा असते. म्हणून ती सु. १८ मिमी. जाडीच्या प्लायवुडाची वा दाबीव लाकडी तक्त्याची करतात, आतून आडवे आधार देतात व सर्व सांधे हवाबंद करतात.

चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेली फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाची रचना मूलतः आजही वापरात आहे. अशा ध्वनिक्षेपकाचा शंकू पुढे सरकला की त्याच्या पुढील हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागील हवा विरळ होते. उच्च कंप्रतांना याचा फारसा उपद्रव होत नाही. तथापि ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सु. ८.६ मी. असते, शंकूच्या आकाराच्या मानाने ती इतकी मोठी असते की मागचा तरंग कडेने वळून पुढच्याला मिळतो व दोन्ही परस्परांना जवळजवळ नाहीसे करतात. उघड्यावर ठेवलेला मोठा ध्वनिक्षेपकही खर्जात निःसत्त्व वाटतो, तो यामुळे. मागील तरंग कोंडणे वा उपयोगात आणणे हेच पेटीचे कार्य होय.

मागील तरंग उपयोगात आणण्याचा मार्ग बेल प्रयोगशाळेतील अ‍ॅल्बर्ट थुरास यांनी दाखविला. त्यांच्या एकस्वाचा (पेटंटचा) अर्ज १९३० चा असून ते १९३२ साली मंजूर झाले. त्यांच्या पेटीला एक नळीसारखे द्वार असते. रिकाम्या सुरईच्या तोंडावर फुंकर मारली असता एक ठराविक स्वर निघतो. त्याचे गणित हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. नळीतील हवा आणि पेटीतील हवा यांचे असेच अनुस्पंदन होऊन खर्जाला बळ मिळते. याउलट एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली पूर्ण बंद व लहान पेटी पुढे आणली. तीत कोंडलेली हवाच शंकूला स्प्रिंगप्रमाणे मागे खेचते.

तोवर पेटीचे माप ठरविणे हे बव्हंशी सुताराच्या अंदाजाचे काम होते. त्याला गणिताचा आधार ऑस्ट्रेलियात मिळाला. नेव्हिल थील यांनी १९६१ साली व रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी हा विषय विद्युत् मंडलांच्या गालकांप्रमाणे सोडविला. त्यांची पद्धत पुढील उदाहरणावरून ध्यानी येईल. एखाद्या ध्वनिक्षेपकाची स्वाभाविक कंप्रता ३० हर्ट्झ, त्याच्या निलंबनाइतकी लवचिकता असणाऱ्या हवेचे घनफळ ६० लिटर व गुणांक ०.४ आहे. तो २८ लिटरच्या बंद पेटीत बसविल्यास त्याची कंप्रता सु. ५३ हर्ट्झ व गुणांक ०.७१ होतो. हा गुणांक सपाट प्रतिसादाच्या दृष्टीने आदर्श मानतात. पेटी आणखी लहान केली तर गुणांक वाढून आवाज घुमू लागतो.

अमेरिकेत १९३० साली मोटोरोला या नावाने मोटारीतील रेडिओ बाजारात आला. पुढे ट्रँझिस्टर व फिलिप्सची कॅसेट (१९६३) यांमुळे वाहनातील संगीत स्वस्त झाले. खर्जाला मात्र शक्ती लागते आणि वाहनाची विद्युत् घटमाला १२ व्होल्टची असते. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला सरळ विवर्धकातून आदर्श स्थितीतही सु. २६ वॉटच मिळू शकतात. अधिक हवे असल्यास विवर्धकात व्होल्टता वाढविणारे स्वतंत्र मंडल घालावे लागते.

बंद मोटारीत एक गोष्ट या उणिवेला साहाय्यभूत ठरते. ध्वनीची अर्धी तरंगलांबी गाडीच्या आतील सर्वांत मोठ्या लांबीहून अधिक झाली की आतील सर्व हवा एकदम दाबली व सोडली जाते. ही लांबी २.५ मी. धरल्यास सु. ७० हर्ट्झच्या खाली हा परिणाम जाणवू लागतो व तत्त्वतः दर सप्तकास १२ डेसिबेलची भर पडते. बंद पेटीचा प्रतिसाद तिच्या कंप्रतेखाली याच प्रमाणात घटत असल्याने दोन्ही परस्परांची भरपाई करतात. दारे व काचा यांतून गळती होत असल्याने प्रत्यक्ष लाभ कमी असतो, पण तो नगण्य नसतो.

हा लाभ उघड्या वाहनात मुळीच मिळत नाही, आणि महाराष्ट्रात या पेट्यांचा एक ठळक वापर उघड्या वाहनावरच दिसतो. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) प्रवरानगर येथील सहकारी कारखान्यात १९५० साली साखरेचे उत्पादन सुरू झाले व त्यानंतर जिल्हाभर ऊसशेती आणि कारखानदारी वाढली. गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. चालकाच्या आसनामागे बसविलेला टेप व त्याच्या पेट्या ही रात्रीच्या लांब फेऱ्यांतील जागरणाची सोबत असते, हे नाकारता येणार नाही. परंतु मोटारीसाठी आखलेली पेटी येथे ३५ हर्ट्झजवळ तत्त्वतः १२ डेसिबेलने उणी पडते. ती तूट भरून काढण्यास सोळापट शक्ती हवी. चालक साहजिकच आवाज वाढवितो. द्वार असलेल्या पेटीत तर अनुस्पंदनाच्या कंप्रतेखाली हवेचा आधार सुटतो व शंकू फाटण्याचा संभव असतो.

यातील धोका शंकूपुरता नाही. मोठ्या आवाजातील खर्जाचे ध्वनी वरच्या कंप्रतांचे ध्वनी झाकून टाकतात, हे वेगेल व लेन यांनी १९२४ साली प्रयोगाने दाखविले. मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा अशा वेळी चालकाच्या कानी पडत नाही. त्यात छपराविना ट्रॅक्टरच्या इंजिनाचाच आवाज ९० डेसिबेलच्या आसपास जातो, आणि भारतातील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी हीच कमाल मर्यादा आहे. हंगामाच्या तोंडावर परावर्तक लावण्याबरोबरच कर्णकर्कश टेप न वाजविण्याच्या सूचना पोलिसांकडून दिल्या जातात, त्या यासाठी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. तिचे मोजमाप कानाच्या संवेदनशीलतेनुसार भारित मापनश्रेणीवर होते व ही श्रेणी खर्जाला कमी लेखते. त्यामुळे घराच्या तावदानांना हादरविणारा आवाजही मापकावर त्यामानाने सौम्य दिसतो.