दोष पोरांच्या वृत्तीचा नाही

मुंबईच्या गिरणगावातल्या पोरांना शिकायचंच नव्हतं, म्हणून ती मागे राहिली, असं परळ-लालबागमध्ये आजही सर्रास म्हटलं जातं. बोलणाऱ्यांकडे दाखलाही तयार असतो. चाळीतली खोली एक, आईबाप एक, मिळकत एक. बहीण इंग्रजी शिकून लोअर परळच्या ऑफिसात लागली, भाऊ तिथेच रखवालदार झाला. मग फरक मेहनतीचाच नाही का?

दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांत 1982 ते 2001 या काळात दाखल झालेल्या हजारो मराठी मुलामुलींची माहिती तपासली. त्यांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. 1990 नंतर इंग्रजी येणाऱ्यांची कमाई वाढली, तशी सगळ्याच जातींतली मुलं इंग्रजी माध्यमाकडे वळू लागली. कष्टकरी जातींत मात्र मुली भराभर पुढे गेल्या, मुलगे रेंगाळले. आता माध्यम ठरतं पहिलीत. सहा वर्षांच्या पोराच्या वृत्तीचा त्यात काय संबंध?

खरं कारण नोकरी लागण्याच्या रीतीत आहे. मामा किंवा चुलता गिरणीत भरती करणाऱ्या मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या कानावर पोराचं नाव घालायचा. पोरगा पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकावर उभा राहायचा, कायम कामगार गैरहजर असला की बदली म्हणून आत जायचा, आणि हळूहळू चिकटायचा. चिकटलेल्याने गावच्या पुढच्या पोराला आत घ्यायचं, हे त्याच्यावरचं देणं असे. या साखळीला मराठी चौथी-सातवी पुरत होती. मुलींना तिच्यात जवळपास जागाच नव्हती. म्हणून नवी वाट धरताना त्यांना काही सोडावं लागलं नाही.

यावर कोणी म्हणेल, 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बसल्या, तेव्हा तरी आईबापांनी जागं व्हायचं होतं. पण गिरण्यांबरोबर नातीगोती संपली नाहीत. वर्कशॉपात, इतर कष्टाच्या कामांत ओळखीच उपयोगी पडत होत्या. घरातला पगार बुडालेला असताना हाताशी असलेली खात्री सोडून मुलाला अनोळखी वाटेवर घालणं कुणालाही जड जातं. नव्या ऑफिसांत आपलं माणूस कोणीच नव्हतं.

वृत्तीला दोष दिला की समाजाला काहीच करावं लागत नाही. साखळी हे कारण मानलं, तर करावं लागतं. सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट देण्याचा राज्य सरकारचा 2024चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, ते योग्यच झालं. त्या जागा भरल्या गेल्या पाहिजेत, मराठी शाळांत इंग्रजी उत्तम शिकवलं गेलं पाहिजे, आणि जिथे मामा पोहोचत नाही तिथे कॉलेजांनी मुलांना नेऊन उभं केलं पाहिजे. गिरणगावाच्या जमिनीवर शहर श्रीमंत झालं. एवढं मागणं त्या वस्तीचा हक्कच आहे.