मिशन शौर्य
महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाची एव्हरेस्ट मोहीम. चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये हे ८,८४८ मी. उंचीचे शिखर सर केले. तयारीत दार्जिलिंग व लडाख येथील सराव होता. मेमध्ये पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या मुलखातली ही मुले; पण खरी कसोटी थंडीपेक्षा विरळ हवेची. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एकतृतीयांश असतो. त्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आरोहक दिवसा वर चढून झोपायला खाली उतरतात. शरीर हळूहळू तांबड्या पेशी वाढवते. वरच्या टप्प्यात बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे खिळे), दोराला जुमार (दोरावर वर सरकणारी पकड) आणि तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लागतो. उतरणही तितकीच जोखमीची, कारण तोवर अंगातले त्राण संपलेले असते.