पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी

मराठ्यांच्या इतिहासात घोडा पानोपानी भेटतो. त्याची दौड, टापांची धूळ, रातोरात कापलेले कोस. भेटत नाही ते त्याचं पाणी. आमच्या नागपूरकडच्या वैशाखात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, हजारो घोड्यांना रोज पाणी कोण पाजत होतं? पाठ्यपुस्तकात हा प्रश्न येत नाही, परीक्षेत तर नाहीच. आता मला परीक्षा घ्यायचीही नाही आणि द्यायचीही नाही, तेव्हा म्हटलं यावरच चार ओळी लिहाव्यात.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तीत पागेची व्यवस्था सांगितली आहे. पागा म्हणजे सरकारी घोडदळ. तिथल्या स्वाराला बारगीर म्हणत, घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. या पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. नालबंद खुरांना नाल ठोकणारा. पखालजी म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी वाहणारा. हल्लीच्या मुलांना पखाल माहीत असलीच तर ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ या म्हणीतूनच.

आता थोडं गणित करू. (मास्तरकी सुटत नाही, काय करणार!) मध्यम चणीच्या घोड्याला एरवी दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं. उन्हात राबला तर त्याच्या दुपटीपर्यंत जातं. म्हणजे पंचवीस घोड्यांना उन्हाळ्यात रोज हजार-बाराशे लिटर. हे सगळं एका माणसाने पखालीतून वाहून आणणं अवघडच. तेव्हा मुक्काम नदीकाठी, तळ्याकाठीच पडणार. फौजेची वाट नकाशापेक्षा पाणवठ्यांनी ठरत असली पाहिजे, असं मला वाटतं.

घोड्याला इतकं पाणी लागतं, कारण तो आपल्यासारखाच घामाने थंड होतो. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकणं हा त्याचा मुख्य उपाय नव्हे. त्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो. शिवाय त्यात एक प्रथिन असतं, त्यामुळे घामाला फेस येतो आणि तो केसांतून अंगभर पसरतो. पाण्याबरोबर मीठही भराभर जातं, म्हणून जुने लोक घोड्यापुढे सैंधवाचा खडा ठेवत. पाणी कमी आणि वर सुकी चंदी जास्त झाली की पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे साधं पोटाचं दुखणंही त्याचा जीव घेऊ शकतं.

माझ्या लहानपणी नागपूरला टांगे होते. सीताबर्डीवर निंबाच्या सावलीत उभे असत. घोड्याच्या डोक्यावर ओलं पोतं, तोंडाला तोबरा. एक म्हातारा टांगेवाला लांबून आल्यावर घोड्याला लगेच पाणी दाखवत नसे. “दम बसू दे बाबू, मंग पाजतो,” म्हणायचा आणि लगाम धरून दहा-पंधरा मिनिटं त्याला फिरवायचा. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, या कोड्याचं ‘न फिरवल्याने’ हे उत्तर मी त्याच्याकडूनच प्रथम ऐकलं. फिरवणं बरोबरच होतं. पण तापलेल्या घोड्याला पाणी वर्ज्य ही समजूत मात्र आता टिकलेली नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी दमट उन्हाळ्यात घोडे कसे टिकतील यावर बरेच प्रयोग झाले. तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी पुन्हा पुन्हा ओतलं तर अपाय होत नाही, उलट तो लवकर सावरतो, असं त्यातून दिसलं. पिण्याचं पाणीही रोखून धरू नये, असंच आता सांगतात.

असो. पुन्हा पागेकडे वळू.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर छावणीला परतायची. छावणीत दाणा, रतीब, औषधं तयार आणि घोड्यांना गवताने शाकारलेली घरं, असा सभासदाने सांगितलेला रिवाज. पण याची खरी कसोटी उन्हाळ्यात लागे. फौज थकून परतलेली, गवत वाळलेलं, नवा चारा उगवायला अजून दीड-दोन महिने.

राज्याभिषेकाच्या सुमारास नेमक्या अशाच दिवसांत महाराजांनी चिपळूणजवळच्या पागेच्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. भाजीच्या देठाचा उल्लेख म्हणून भाषणांत अनेकदा येतं. मला ते वाचताना प्रथम पागेचा हिशेब दिसतो. पावसाळ्याची बेगमी आताच उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, हा त्याचा एक भाग. दुसरा भाग आगीचा. वारा सुटला आहे, गवत पडलं आहे याचं भान न ठेवता कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. दिवा तसाच राहिला तर उंदीरसुद्धा जळती वात ओढून नेईल, इतका बारीक विचार त्यात आहे. वैशाखात गवताची गंजी पेटलेली ज्याने पाहिली आहे त्याला यात काही जास्तीचं वाटणार नाही.

तिसरा भाग कुणब्याचा. चारा संपला की शिपाई गावात शिरतील, कोणी दाणे उचलील, कोणी गवत, कोणी भाजीपाला. मग रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. जे हवं ते बाजारातून विकत आणा, अशी आज्ञा आहे. घोड्याच्या दाण्याची तजवीज नसली की तो दाणा शेवटी कुणाच्या तरी कणगीतून येतो, हे महाराजांनी ओळखलं होतं.

यापुढचं लिहिणं नागपूरकर म्हणून जड जातं, पण टाळू नये. पत्रानंतर सत्तरेक वर्षांनी, १७४२ च्या उन्हाळ्यात, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन बंगालमध्ये बरद्वानपर्यंत पोचले. पावसाळ्यापूर्वी परतायचा त्यांचा विचार होता. मीर हबीबच्या आग्रहाने ते थांबले आणि काटव्याला छावणी पडली. घरापासून शेकडो कोस दूर. त्या मुलखात ना आपली कुरणं, ना शाकारून ठेवलेली घरं, ना भरलेली कोठारं. घोड्यांनी काय खाल्लं असेल, सांगा! सप्टेंबरअखेरीस, दुर्गापूजेच्या दिवसांत, अलीवर्दीखानाने अचानक हल्ला करून ही छावणी उधळली. १७४४ मध्ये भेटीला बोलावून भास्कररामांना दग्याने मारलं. १७५१ च्या तहात ओरिसा आणि सालिना बारा लाखांची चौथाई नागपूरकरांना मिळाली.

आपल्या पुस्तकांत हा विजय म्हणून येतो. बंगालमध्ये आठवण वेगळी आहे. बारगीर या शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला आणि तो लेकरांना झोपवताना भीती घालण्यासाठी वापरला जाऊ लागला. गंगाराम नावाच्या कवीने त्याच सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ या नावाचं काव्य लिहिलं, त्यात या स्वाऱ्यांचं भयानक वर्णन आहे. काव्यात अतिशयोक्ती असेल, असं म्हणून मोकळं होता येतं. पण झोपवायची गाणी दरबारी शाहीर रचत नाहीत. चाऱ्यामागे धावणाऱ्या फौजेने हे सगळं केलं असं माझं म्हणणं नाही, खंडणीचा लोभ होताच. तरीही उपाशी घोडा दाराशी बांधून फौज रयतेशी सौम्य राहू शकत नाही. चिपळूणच्या पत्रात जी भीती होती, ती काटव्याच्या वाटेवर आमच्याच माणसांनी खरी केली.

आता घोडदळ नाही, टांगे गेले. आमच्या कळमेश्वरात घोडं दिसतं ते लग्नात, आणि आमची लग्नं ऐन एप्रिल-मेमध्ये. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पारा ३७ अंशांच्या वर असेल तर गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांना दुपारी बारा ते तीन कामाला लावता येत नाही. सलग पाच तासांहून जास्त राबवता येत नाही. वरातीची घोडी यात बसते की नाही यावर वकील भांडतील. पण आमच्याकडे उन्हाळ्यात ३७ अंश तर सकाळी दहा-अकरालाच होतात.

यंदा ओळखीच्या घरच्या लग्नात वरातीला दोन तास लागले. सूर्य मावळला होता, पण डांबर चपलेतून चटका देत होतं. पाठीवर मखमलीची झूल, वर नवरदेव, पुढे डीजे. मी घोडीवाल्याला विचारलं, “पाणी कुठं पाजता हिला?”

तो म्हणाला, “मंडपवाल्याच्या ड्रमातलं मागतो जी गुरुजी. कोनी देते, कोनी नाही देत.”

सभागृहाच्या मागे नळ होता. आचाऱ्याकडून बादली मागून घेतली. घोडीने पहिली बादली मान वर न करता संपवली, दुसरी अर्धी. तिसरी तिच्या मानेवर आणि पायांवर ओतायला सांगितली, तर घोडीवाला कचरला, “गरम आहे अजून, गारठा बसन.” त्याला समजावून सांगेपर्यंत आतून अक्षतांची हाक आली.